मोहितेकाका आणि त्यांचे बगळे

मोहितेकाकांनी भर स्टेडियममध्ये माझ्या नवऱ्याच्या तोंडात मूठभर भडंग कोंबलं, तेव्हा आमची त्यांच्याशी ओळख होऊन जेमतेम महिना झाला होता. आम्ही नुकतंच अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये घर घेतलं होतं आणि शेजारच्या घरात मोहिते म्हणून सांगलीकडचं जोडपं राहतं, एवढंच कळलं होतं. एका शनिवारी काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला, आवरा. मॅच बघायला जायचंय." मला क्रिकेटसुद्धा कळत नाही, तिथं बेसबॉल कुठून कळणार? पण नितीन नागपूरचा, क्रिकेटवेडा. चेंडू आणि दांडकं दिसलं की निघालाच.

मॅच अर्ध्याच्या पुढे गेली होती. आमच्या आजूबाजूचे लोक हळूहळू गप्प होत चालले होते, हे माझ्यासुद्धा लक्षात आलं. नितीनच्या नाही आलं. तो मोठ्यानं म्हणाला, "अरे यार काका, ह्या समोरच्या लोकांनी तर अजून एक पण हिट नाही मारली ना!"

पुढच्या रांगेतली चार-पाच डोकी गर्रकन वळली. "गप की लेका!" म्हणत काकांनी डब्यातलं भडंग उचललं आणि नितीनच्या तोंडात कोंबलं. तो बिचारा खोकून खोकून लाल झाला.

त्याचं असं होतं. पिचर म्हणजे आपला बोलर. त्यानं पूर्ण मॅचभर समोरच्यांना एकही धड फटका मारून पळू दिलं नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. फार दुर्मिळ गोष्ट. एखाद्या टीमच्या नशिबात वर्षानुवर्षं येत नाही. आणि ती चालू असताना तिचं नाव घ्यायचं नाही, असा तिथला रिवाज. खेळाडू त्या पिचरच्या शेजारीसुद्धा बसत नाहीत. तो बाकड्यावर एका टोकाला आणि बाकीचे सगळे दुसऱ्या टोकाला. कुणी काही पाहिलंच नाही, असा चेहरा करायचा.

त्या दिवशी शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगमध्ये एक मरतुकडा फटका दोन खेळाडूंच्या मधोमध टपकन पडला. संपलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. घराशी उतरल्यावर नितीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यावर राग नाही रे माझा. पण नाव घेतलंस बघ तू."

मला तर हसू आवरेना. इंजिनिअर माणूस, आणि हे काय खूळ!

काकांची सगळी नोकरी पूल तपासण्यात गेली होती. राज्याच्या रस्ते खात्यात होते ते. पुलाखाली शिडी लावून चढायचं, हातोडीनं काँक्रीट ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. भरीव वाजलं तर पुढे जायचं, पोकळ वाजलं तर तिथल्या तिथे कळवायचं. रिटायर झाले तरी हाताची सवय गेली नव्हती. कुणाच्याही घरी गेले की बोटाच्या पेरानं भिंत ठोकायचे. आमचा घरामागचा नवा कोरा लाकडी डेक कौतुकानं दाखवायला नेलं, तर खाली वाकून एक खांब ठोकला आणि म्हणाले, "हा बदलून घे. आतनं गेलाय." कॉन्ट्रॅक्टरशी भांडून बदलून घेतला, तेव्हा खरंच आतून भुगा निघाला. "पोकळ आवाज ऐकून जो गप बसतो ना पोरी, तोच पूल पाडतो," असं ते मला म्हणाले होते. हे वाक्य त्यांच्याच तोंडचं आहे, म्हणून मला त्यांचा जास्त राग येतो. आजही येतो. माणूस गेला, आता राग धरून काय करायचं, असं नितीन म्हणतो. म्हणू दे.

तर काकांची टीम. आमच्या घरापासून तासाभरावर नदीकाठी एक गाव आहे, तिथली ही छोट्या लीगमधली टीम. पगारी खेळाडू, पण सगळे मोठ्या लीगमध्ये जायची वाट बघत बसलेले. चांगला निघाला की गेलाच. त्यामुळे टीम कायम हरायची. टोपीवर एका पायावर उभा असलेला बगळा, म्हणून काका तिला 'आपले बगळे' म्हणायचे. ओहायोत आले त्या पहिल्या वर्षी ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना तिकडे नेलं होतं. "ऑफिसबाहेर माझ्याशी कुत्रं बोलत नव्हतं त्या वर्षी," काका सांगायचे. "आणि तिथं शेजारच्या माणसानं न विचारता माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले. मग कुठं जातोय मी दुसरीकडे!"

बगळ्यांचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. म्हणजे काय, तर दोन-तीन प्रसंग, पण ते दर वर्षी नव्यानं ऐकावे लागायचे. एक होता चिलटांचा. एका संध्याकाळी नदीवरून चिलटांचे थवेच्या थवे आले आणि दिव्यांवर तुटून पडले. पिचरला कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, दिसेना. अंपायरनं खेळ थांबवला, लोकांनी छत्र्या उघडल्या. "तेव्हा तुझी काकू म्हणाली, अहो, त्यांना म्हणावं दिवे घालवा, जातील आपोआप. मी जाऊन सांगितलं गेटवरच्या माणसाला. आणि घालवले की दिवे! हजारभर माणसं अंधारात गप बसलेली. पुन्हा दिवे लागले तर एक चिलट नाही." हे सांगताना काका काकूंकडे असं बघायचे, जणू ती मॅच काकूंनीच जिंकून दिली होती. ती मॅचसुद्धा बगळे हरलेच होते म्हणा.

दुसरा होता एका कॅचरचा. बरीच वर्षं छोट्या लीगमध्ये रखडलेला, वय होत आलेला माणूस. चालू मॅचमध्ये कोचनं त्याच्या कानात सांगितलं की तुला वरून बोलावणं आलंय, आत्ताच निघायचं. त्यानं पायाची पॅडं सोडली आणि मैदानावर एकेकाशी हात मिळवत निघाला. समोरच्या टीमच्या बॅटरशीसुद्धा. "अंपायर चष्मा पुसत होता," असं म्हणून काका स्वतःच डोळे पुसायचे.

"काका, चष्मेवाला अंपायर? म्हणूनच हरता तुम्ही," नितीन म्हणायचा.

"तू भडंग खा."

सुमनकाकू दर मॅचला यायच्या, पण खेळाकडे त्यांचं लक्ष नसायचं. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, तरी त्यांच्या पर्समध्ये भडंगाचा डबा ठरलेला. गेटवरचा म्हातारा पर्स उघडून बघायचा, चिमूटभर तोंडात टाकायचा आणि आत सोडायचा. मग काकू शांतपणे सर्वांत लांब, डाव्या कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या खेळाडूकडे बघत बसायच्या. "त्याच्याकडे चेंडू येतच नाही गं. बिचाऱ्याला कुणी पाणी तरी देतं का?" खेळाडू बदलले, पण काकूंचं माणूस तेच, डाव्या कोपऱ्यातलं.

काकूंना कॅन्सर निघाला तेव्हा आम्हाला कळायला फारसा वेळ लागला नाही. केस गेले, डोक्याला रुमाल आला. पण त्या घरात हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. काका त्याला 'ते' म्हणायचे. "ते जरा आहे तिला." ऑपरेशन झालं, केमो झाली आणि काकू चक्क बऱ्या झाल्या. रिपोर्ट स्वच्छ आले. दर सहा महिन्यांनी स्कॅन करायचा, एवढंच डॉक्टरनं सांगितलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी गणपतीत मंडळाच्या एक उत्साही बाई जेवणाच्या रांगेत काकूंना मिठीच मारून म्हणाल्या, "अगं बाई! दोन वर्षं झाली ना आता? कॅन्सर पार पळवून लावलास की!" काकांनी काकूंच्या हातातली वाढलेली प्लेट काढून टेबलावर ठेवली, त्यांचा दंड धरला आणि सरळ पार्किंगकडे चालू लागले. मी मागे धावले. "काका, अहो, चांगलंच बोलल्या ना त्या!" ते गाडीचं दार उघडत म्हणाले, "इनिंग चालू आहे अजून."

काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आम्ही त्यावरून पुढे कितीतरी दिवस हसलो.

गेल्या वर्षीच्या वसंतात बातमी आली की बगळ्यांची टीम विकली गेली. नवे मालक तिला दुसऱ्या राज्यात नेणार होते. हा शेवटचा सीझन. मला वाटलं, काका हाय खातील. पण ते नुसते "बरं" म्हणाले. तेव्हाच खरं तर काहीतरी चुकतंय, असं वाटलं होतं मला. काकू मॅचला येईनाशा झाल्या होत्या. पाठ दुखते म्हणायच्या. बागकामानं असेल, म्हणायच्या. जूनमध्ये एका सकाळी त्यांना बिछान्यातून उठताच येईना आणि ॲम्ब्युलन्स आली. 'ते' मणक्यात पसरलं होतं.

हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर मी रोज संध्याकाळी मऊ भात घेऊन जायचे. काका औषध आणायला गेले होते, तेव्हा एकदा काकूंनी मला सांगितलं. फेब्रुवारीत स्कॅनची तारीख होती. काकांनी फोन करून ती कॅन्सल केली. "मला म्हणाले, इतकं छान चाललंय, कशाला उगीच स्कोअर विचारायला जायचं? नंतर बघू. मी पण हो म्हटलं. पाठ तेव्हाच दुखायला लागली होती गं. पण मी बोलले असते तर ह्यांचं सगळं कोसळलं असतं."

मी तशीच भाताची वाटी धरून बसले. कुणावर ओरडू? एवढा शिकलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुलांचे तडे मोठ्यानं सांगितले, आणि आपल्या घरात कानावर हात!

आणि ते अजून संपलं नव्हतं. काका-काकूंची एकुलती एक मुलगी अमृता, इथेच जन्मलेली, व्हर्जिनियात ॲशबर्नला असते. तिचं पहिलं बाळंतपण ऑक्टोबरात होतं आणि काकू दोन महिने तिच्याकडे जाऊन राहणार, असं ठरलेलं होतं. दर रविवारी तिचा फोन यायचा. काका तो घेऊन मागच्या अंगणात जायचे. "मस्त. एकदम मस्त. आई झोपलीये. येणार म्हणजे काय, येणारच की." मी कुंपणाच्या अलीकडून ऐकायचे आणि माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

शेवटी मी त्यांना अंगणातच गाठलं. "काका, तिला सांगा. तिची आई आहे ती."

"पोटुशी आहे ती पोर. आत्ता नको."

"मग कधी?"

त्यांनी अंगणातल्या टेबलावर बोटानं दोनदा ठोकलं. "नाव घेऊ नकोस, मेघा," म्हणाले. हात जोडले हो त्यांनी माझ्यापुढे.

ऑगस्टमध्ये हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येऊन बघणारी, नर्स यायला लागली. दिवाणखान्यात पलंग लावला होता. एका दुपारी मी गेले तर रेडिओवर बगळ्यांची मॅच चालू होती आणि काका पलंगाशेजारी खुर्चीत बसले होते. काकू त्यांच्याकडे तोंड करून पडल्या होत्या. मी दारातच थबकले, कारण काकू बोलत होत्या. आवाज इवलासा, पण स्पष्ट.

"अहो. मी मरतेय. एकदा म्हणा तरी."

काकांनी हात लांब करून रेडिओचा आवाज वाढवला.

काकूंनी डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि मला बघून म्हणाल्या, "मेघा, अमृताला फोन लाव. आत्ता." मी तिथेच उभ्या उभ्या लावला. काकूंच्या तोंडाशी धरला, पण तेवढ्यात त्यांना धाप लागली. मग मलाच सांगावं लागलं. पलीकडून ती म्हणाली, "What do you mean, hospice?"

ती आणि तिचा नवरा लगेच निघाले. सहा-सात तासांचा रस्ता, आठवा महिना लागलेला. पण संध्याकाळी काकूंना असह्य कळा सुरू झाल्या आणि नर्सनं औषधाचा डोस वाढवला. अमृता पोचली तेव्हा श्वास होता, पण काकू शुद्धीवर नव्हत्या. तिनं आईचा हात उचलून स्वतःच्या पोटावर ठेवला. तो हात तिथे राहीना, घसरून खाली पडायचा. ती पुन्हा उचलून ठेवायची. काकू दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या, एक अक्षर न बोलता.

सगळं उरकल्यावर अमृतानं काकांना सरळ विचारलं, "बाबा, how long did you know?" काका खिडकीच्या चौकटीवर बोटं टेकवून उभे होते. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. ते बोललेच नाहीत. ती बॅग घेऊन निघून गेली. त्यानंतर काका फोन करायचे, पण तिनं उचलला तरी यांचं "कशी आहेस, जेवलीस का," एवढंच. "Is that all?" असं विचारून ती ठेवून द्यायची. फेब्रुवारीचं तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण ते मी सांगून चालणार नव्हतं. ते त्यांनीच सांगायचं होतं.

सप्टेंबरात बगळ्यांची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती. काका येणार नाहीत, असं धरून चाललो होतो. पण सकाळीच ते टोपी घालून दारात हजर. बरोबर डबा. "भडंग मी केलंय. खारट झालंय जरा," म्हणाले. गेटवरच्या म्हाताऱ्यानं डबा उघडला, एक घास खाल्ला, काकूंसाठी इकडेतिकडे बघितलं आणि काही न विचारता डबा बंद करून परत दिला.

स्टेडियम गच्च भरलं होतं. हरणाऱ्या टीमवर एवढं प्रेम करणारी माणसं होती, तर इतकी वर्षं कुठे होती कोण जाणे! पिचर नवाच होता, उंच, काटकुळा. एक इनिंग गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. मला काही सगळं कळत नाही, पण ती शांतता मी ओळखली. शेजारचे लोक बोलायचे थांबले. मैदानाकडेच्या बाकड्यावर तो पोरगा एका टोकाला एकटा बसला होता. नितीननं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या हातानं तोंडात भडंग भरलं.

तेवढ्यात काका उभे राहिले.

"No-hitter!" ते ओरडले. "He has a no-hitter going!"

अहो, काय सांगू! आख्खा स्टँड फिरला. "Shut up, old man!" कुणीतरी ओरडलं. मागून कागदी ग्लास येऊन त्यांच्या पाठीवर आदळला. नितीन त्यांचा हात ओढायला लागला, "काका, बसा ना, काय करताय!" त्यांनी हात झटकला. "नो-हिटर आहे!" पुन्हा ओरडले, आता मराठीत. "एकही हिट नाही! सगळ्यांना दिसतंय! बोला की!" मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. आता समोरच्यानं एक जरी फटका मारला, तर हे लोक ह्या म्हाताऱ्याला सोडणार नाहीत, असं वाटलं.

पण फटका काही बसला नाही. पुढच्या प्रत्येक इनिंगला काका उठून तेच ओरडले. आवाज बसला, तरी ओरडले. लोकांनी शिव्या दिल्या, एक रखवालदार येऊन ताकीद देऊन गेला. शेवटच्या इनिंगमध्ये डाव्या कोपऱ्यात एक उंच चेंडू गेला आणि तिथल्या एकट्या खेळाडूनं दोन पावलं मागे जाऊन तो अलगद झेलला. झालं. बगळ्यांचा नो-हिटर. इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं, ते शेवटच्या दिवशी झालं. लोक वेड्यासारखे नाचायला लागले. मघाशी ग्लास मारणारा येऊन काकांना मिठी मारून गेला.

काका बसून होते. माझा हात धरून म्हणाले, "काही झालं नाही गं पोरी. बोललो तरी काही झालं नाही." आणि रडायला लागले. त्या क्षणी मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला. तो नंतर परत आला, ते सोडा.

थंडीत काका झोपेतच गेले. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात, ते तिथलेच. स्टेडियम रिकामं होत आलं होतं, माळी मैदानावर पाण्याचा पाइप फिरवत होता. नितीन गाडी आणायला गेला. मी जिन्यापाशी थांबले आणि वळून बघितलं, तर काका आमच्या रांगेत एकटेच उभे होते, टोपी काखेत, फोन कानाला. फोन उचललेला दिसत होता.

"अमृता, बाबा बोलतोय. ऐक. ठेवू नको," ते म्हणाले. घसा पार गेला होता, तरी रिकाम्या स्टँडमध्ये मला सगळं ऐकू येत होतं. "तुझ्या आईला कॅन्सर झाला होता. परत झाला होता. त्या कॅन्सरनंच गेली ती." पलीकडून तिनं बहुतेक तपासण्यांचं विचारलं. रिकामा हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर होता, पण बोटं ठोकत नव्हती.

"हो," ते म्हणाले. "फेब्रुवारीत होता स्कॅन."

पलीकडून तिनं काहीतरी विचारलं.

"हो," काका म्हणाले. "मीच कॅन्सल केला."